हळदीचा एक रेणू

एप्रिल लागला की आमच्या बाजूच्या गावांत हळदी सुरू होतात आणि माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, आवाजाने. दुपारीच टेम्पोतून स्पीकर उतरतात, संध्याकाळी बेंजोचं पथक वाजायला लागतं, ठेका भिंतीतून आत येतो. शेजारच्या बाई कानात कापूस घालून गॅलरीत येतात आणि विचारतात, "तुम्हाला कसं हो सहन होतं?" मी याच गावांतली आहे, हा आवाज ऐकतच मोठी झाले, हे मी त्यांना सांगत बसत नाही. माझं डोकं फिरतं ते वासाने. तेलात कालवलेल्या हळदीचा कोमट, मातकट वास. तो आला की मला एक माणूस आठवतो, आणि त्याला पुन्हा एकदा, अगदी सावकाश, चारचौघांत मान खाली घालायला लावावंसं वाटतं. तो माणूस गेल्या वर्षी वारला. माझ्या रागाला त्याने काही फरक पडलेला नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पनवेलच्या बाहेर, जिथून कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसायचा अशा एका माळावर आमची प्रयोगशाळा होती. आता त्या माळावर इमारती आहेत आणि सुळका बघायचा तर गच्चीवर जावं लागतं. गावातून एम.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी. बाबांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी मोटरसायकलवरून सोडलं आणि फाटकाशी विचारलं, "नक्की करायचं काय तिथं?" मी म्हटलं, "रेणू बघायचे." बाबा म्हणाले, "कोण रेणू?" त्यांची थट्टा चालली होती की ते खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही.

रेणू बघायचे म्हणजे काय, ते सांगते. रक्ताच्या तपासण्या साधारणपणे गर्दीवर चालतात. एखाद्या पदार्थाचे लाखो-करोडो रेणू रक्तात असले, तर त्यांचा मिळून रंग उठतो आणि यंत्राला तो कळतो. पण आजार नुकताच अंगात शिरलेला असतो, किंवा लहान मुलाच्या शरीरात कुठेतरी दडून बसलेला असतो, तेव्हा गर्दी नसते. चार-दोन चुकार रेणू असतात. आम्ही त्या चार-दोघांच्या मागे होतो. आम्हाला हवा होता क्षयाच्या जंतूचा एक विशिष्ट रेणू. लहान मुलांना खोकून बेडका काढता येत नाही, त्यामुळे त्यांचा क्षय कळता कळत नाही. रक्ताच्या थेंबातून तो एकेक रेणू पकडायचा, त्याला चमकणारी खूण चिकटवायची, लेसरचा झोत टाकायचा आणि मोजायचं.

ते पहिल्यांदा दिसलं तो दिवस मी विसरणार नाही. अंधारी खोली, पडदा काळा, आणि त्यावर एक हिरवा ठिपका. थरथरत होता. मी श्वास रोखून बघत होते. मग तो विझला. मंद होत होत नाही, एका क्षणी होता आणि दुसऱ्या क्षणी नव्हता. सर माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "असा एका झटक्यात विझला, म्हणजे तो एकटाच होता. दोघे असते तर दोन पायऱ्यांत विझले असते." सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, किंचित वाकलेले, गुडघेदुखीमुळे जिना एका बाजूने चढणारे. शिकवायचे सुंदर. हे मला कबूल करायला आवडत नाही, पण खरं आहे.

एकेकटा रेणू बघायचा तर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घाण. तुमच्याआमच्या भाषेतली घाण नाही, त्या काचेवर जे नको ते सगळं. बोटाचा घाम, साबणाचा अंश, हवेतली धूळ. यातलं बरंच काही लेसरखाली चमकतं आणि रेणू असल्याचं सोंग करतं. म्हणून आम्ही काचेच्या चकत्या आम्लात उकळायचो, पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचो, ज्योतीवर धरायचो. मग त्या काचेला एका प्रथिनाचा पातळ लेप द्यायचा, जमीन सारवतात तसा, म्हणजे नको ते तिला चिकटू नये. पांढरी पूड बरणीतून चपट्या चमच्याने काढायची, पाण्यात विरघळवायची, गाळायची, बाटली भरून ठेवायची. आणि रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी रिकामी काच बघायची. रक्त नाही, खूण नाही, नुसता लेप. त्यावर ठिपके दिसता कामा नयेत. दिसले तर त्या दिवशी सगळं बंद.

रिकामी काच बघणं हे माझं काम होतं. देवघरातली फुलं बदलावी तसं मी ते रोज केलं. माझ्या काचा काळ्याकुट्ट असायच्या. सर पाहुण्यांना दाखवायचे, "ही जागृतीची काच. हिच्यावर विश्वास ठेवून मी झोपतो."

दुसरा शत्रू म्हणजे लग्नं. आमचं सूक्ष्मदर्शकाचं टेबल हवेच्या पायांवर तरंगतं ठेवलेलं होतं, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलू नये म्हणून. द्रोणागिरीच्या गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांना ते पुरून उरायचं, पण हळदीच्या डीजेपुढे त्याचं काही चालायचं नाही. ठेका सुरू झाला की पडद्यावरचे ठिपके नाचायला लागायचे. आमच्या यंत्रांची देखभाल करायचे नझीरभाई. त्यांनी यावर उपाय काढला होता. आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या लग्नपत्रिका ते गोळा करायचे आणि यंत्राच्या खोलीबाहेर भिंतीवर ओळीने चिकटवायचे. आज कोणाची हळद, किती वाजता, कुठल्या दिशेला. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून विचारलं होतं, "इज धिस अ कम्युनिटी प्रोग्रॅम?" नझीरभाई म्हणाले होते, "नो सर, धिस इज अवर टाइमटेबल."

त्या भिंतीवर त्या वर्षी एक पत्रिका माझ्या चुलत बहिणीची, प्रमिलाची, होती. तीन दिवसांची रजा घेतली. माझी यमुआते आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते, देवांना आणि वाडवडिलांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, आणि तिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. प्रमिलाला हळद लावायला आतेने मला पुढे ओढलं. "ही शिकलेली हाय तं काय हात भरनार नाय काय? ये गो." मी दोन्ही हात परातीत घातले. मनगटापर्यंत पिवळी झाले. प्रमिलाच्या गालांना, दंडांना, पावलांना हळद चोळताना ती हसत होती आणि मला रडू येत होतं. त्या दिवशी मी कुणाची सहायक संशोधक नव्हते, करवली होते.

हळद हातावरून उतरायला वेळ घेते. त्वचेवरची चार दिवसांत जाते, नखांची जात नाही. आजही माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची पिवळी नखं बघितली की मला त्यांच्याबद्दल उगाच माया वाटते, आणि त्यांच्या नखांकडे कुणी नाक मुरडून बघितलं तर त्या माणसाचं काही खरं नाही.

रजेवरून परत आले. डबल हातमोजे घातले, रिकामी काच लावली. पडदा उजळून निघाला. आधी वाटलं, चुकून रक्ताची काच लावली. बदलली. पुन्हा तेच. सगळीकडे हिरवे ठिपके. मी तशीच सरांकडे गेले आणि सांगितलं, रिकामी काच चमकते आहे. त्यांनी आदल्या दोन दिवसांत स्वतः निरोगी माणसांची रक्तं बघितली होती, आणि त्यांतही सगळ्यांना क्षय निघाला होता. प्रयोगाला पैसा देणारे दिल्लीचे पाहुणे निकाल बघायला यायला महिना उरलेला. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. हातमोजे मी तेव्हा काढलेले होते.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आठ-नऊ माणसं असतील. माझं मनगट धरून हात वर केला, शाळेत कॉपी पकडल्यावर करतात तसा, आणि म्हणाले, "हे बघा कारण. हळद लेसरखाली चमकते, हे हिला मी शिकवलंय. तरी ही अंगभर माखून आली." मी म्हटलं, "सर, हे ठिपके मी नव्हते तेव्हाही होते ना? तुम्ही बघितलेल्या रक्तांत होते ना?" ते म्हणाले, "तू जायच्या आधीही तुमच्या घरी महिनाभर हेच चाललेलं असणार. तुमच्याकडे लग्न म्हणजे काय असतं ते काय मला माहीत नाही? कितीही शिका, हात धुवायला कोण शिकवणार?" कुणी तरी हसलं. कोण, ते मी वळून बघितलं नाही. आजवर मी त्या खोलीतल्या प्रत्येकावर आळीपाळीने संशय घेतला आहे.

माझं नाव शोधनिबंधावरून काढलं. माझ्याकडची यंत्राच्या खोलीची चावी घेतली. मला बाटल्या धुवायच्या खोलीत पाठवलं, "तात्पुरतं".

सरांबद्दल बोलताना लोक नेहमी सांगतात की तसा माणूस चांगला होता. विद्यार्थ्यांसाठी किती केलं, कुणाकुणाला नोकऱ्या लावल्या. गेल्या वर्षी शोकसभेत तर त्यांच्यावर फुलं उधळायची तेवढी बाकी होती. मी ऐकून घेते. पण ही झाली सरासरी, आणि सरासरीवर विसंबू नका हे मला सरांनीच शिकवलं. करोडोंची बेरीज करून भागाकार केला की जे एकट्यादुकट्याचं झालं ते दिसेनासं होतं. मी तो एक दिवस बघते, सकाळी साडेदहाची ती खोली आणि वर धरलेलं माझं मनगट. त्याच्यावर लेसर टाकून मी बसले आहे आणि तो ठिपका काही विझत नाही.

घरी आतेने विचारलं, "काय झाला गो? तोंड कनाला पाडलास?"

मी सगळं सांगितलं. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"मंग तू काय बोललीस?"

"हळदीवर काहीच नाही."

"काय नाय? आमचे हलदीला नावा ठेवली आन् तू गप बसलीस? त्याचे घरान लगीन बिनाहलदीचा लागला काय?"

"आते, त्यांच्याकडे यंत्र आहे. मी काय दाखवू?"

"तं तू पन यंत्रान दाखव," ती म्हणाली. "नाय दाखवलास तं तू माझे भावाची पोर नाय."

एवढं बोलून ती पुन्हा सुपारी कातरायला लागली. मला शिकवणाऱ्या एकाही प्राध्यापकाने इतकं नेमकं मार्गदर्शन केलेलं नाही.

बाटल्या धुवायच्या खोलीला खिडकी नव्हती. मे महिन्यात तिथे घामाने केस मानेला चिकटायचे. सगळ्यांची काचसामग्री ट्रेमधून यायची, आणि तिच्यासोबत सगळ्यांचे चहाचे कपही यायचे, कारण कुणालाच आपला कप धुवायचा नसतो. सरांचा कप मोठा, पांढरा. पहिल्या आठवड्यात मी तो बघितलाच नाही, इतर कपांबरोबर घासला. दुसऱ्या आठवड्यात एकदा घासूनही डाग जाईना म्हणून उजेडात धरला. आत पिवळं वर्तुळ होतं. वास घेतला. दूध आणि हळद. सरांची मुलगी परदेशातून त्यांना गुडघ्यांसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवायची, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना कॅप्सूल गिळता यायच्या नाहीत, म्हणून दुपारी चार वाजता ते त्या फोडून गरम दुधात ढवळून प्यायचे. हेही माहीत होतं. कशाने ढवळायचे, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ट्रेमध्ये कपाशेजारी तो चमचा पडलेला होता. चपटा, स्टीलचा, दांड्याला निळी चिकटपट्टी. आमच्या लेपाच्या पुडीच्या बरणीतला चमचा.

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ हसले. मोठ्याने, एकटीच. मी रजेवर होते, लेप संपला होता, म्हणून सरांनी स्वतः नवीन केला. दूध ढवळलेला चमचा सवयीप्रमाणे कोटाला पुसला आणि बरणीत घातला. माझ्या मनगटाएवढी हळद लागतच नाही. जिथे एकेक रेणू मोजतात तिथे चमच्याच्या कडेला राहिलेली पुसटशी पूडही पुरते. आणि ते प्रथिन तर हळदीला असं बिलगतं की पाण्याने धुतलं तरी सोडत नाही.

पण खात्री करायची होती. आतेने सांगितलं होतं, यंत्राने. नझीरभाईंना गाठलं. ते जेवायच्या सुट्टीत मला आत घेऊन गेले. "पंधरा मिनिटं. आणि कुणी विचारलं तर तू पंखा साफ करत होतीस." फ्रिजमध्ये सरांनी केलेल्या लेपाची बाटली होती. त्यांच्या हिरव्या शाईत तारीख होती, माझ्या रजेचा दुसरा दिवस. मी न उघडलेल्या नव्या बरणीतून वेगळा लेप केला आणि दोन काचा सारवल्या, एक नव्या लेपाने, एक सरांच्या. लेसर बदलून जांभळा लावला, कारण आमची खूण जांभळ्या उजेडात फारशी पेटत नाही, हळद मात्र जोरात पेटते. माझी काच काळीभोर. सरांची, दिवाळी. मग हातमोजे न घालता माझ्या नखाची कड खरवडून तिसऱ्या काचेवर टाकली. तीही पेटली, अर्थात. आणि शेवटी दोन हातमोजे घालून नव्या लेपाची आणखी एक काच बोटांत धरून लावली. काळीभोर. हळद माझ्या हातावर होती हे खरं, पण ती हातमोज्यातून बाहेर गेली नव्हती. चारही काचांचे फोटो यंत्राने साठवले.

नझीरभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "माशाल्ला. आता वीस पावलांवर केबिन आहे. जा आणि सांगून टाक. बात खतम."

"नाही," मी म्हटलं. "पाहुणे येतील तेव्हा."

"अगं, तीन आठवडे आहेत."

"असू देत. मला चारचौघांत केलं ना? मग चारचौघांतच."

त्यांनी लेसर बंद केला. "ठेवण्यासारखी चीज नाही ही, बेटा," एवढंच म्हणाले.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. हे मी अजिबात लाजून सांगत नाही. सकाळी उठले की पोटात गोड काहीतरी असायचं. सर मला व्हरांड्यात भेटायचे, मान हलवायचे, आणि मी मनात म्हणायचे, थांबा. रोज चार वाजता कप यायचा, मी तो चकचकीत घासून परत पाठवायचे. आंबे पिकत होते, गावात रोज कुणाची ना कुणाची हळद होती, आणि मी प्रत्येक मांडवात जाऊन हात भरून घेत होते. आतेला मी सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं. "काय गो, लय खुशीन हायस?"

आणि सर तिकडे कामाला लागले होते. कारण सापडलं होतं, ते बाटल्या धूत होतं, मग रिकामी काच बघायचं काम दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. वेळ थोडा म्हणून निरोगी रक्तंही बाजूला ठेवली आणि थेट रुग्णालयातून आलेल्या मुलांची रक्तं घेतली. ती चमकायलाच हवी होती. ती चमकली. सगळे खूश झाले.

आज माझ्या हाताखाली चार मुली काम करतात. पनवेलमध्येच, एका तपासणी केंद्रात. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, तुम्हाला जे हवं असतं ते दिसलं की आधी रिकामी काच बघा. त्या वहीत लिहून घेतात. त्यांना वाटतं हा धुण्यापुसण्याचा नियम आहे. मलाही त्या वयात तसंच वाटायचं. तसं वाटलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्या तीन आठवड्यांत मलाही जे हवं होतं तेवढंच दिसत होतं.

पाहुणे यायला आठ दिवस होते तेव्हा नझीरभाई बाटल्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "जागृती, एका बच्चीची दवा सुरू झालीय." आपटा गावची नऊ वर्षांची मुलगी, सानिका. ताप येत-जात होता, निदान होत नव्हतं. मुलांच्या डॉक्टरांनी सरांना फोनवर विचारलं आणि सर म्हणाले, आमच्याकडे स्पष्ट दिसतंय. असं सांगायची परवानगी नव्हती, प्रयोग अजून प्रयोगच होता. पण उत्साहात बोलून गेले. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. "उलट्या करतेय म्हणे," नझीरभाई म्हणाले. "अब तो बता दे."

मी हात पुसले. वीस पावलं. मला ती पावलं आजही मोजता येतात, पाण्याचा माठ, नोटीस बोर्ड, पत्रिकांची भिंत, केबिन. मी पत्रिकांच्या भिंतीपर्यंत गेलेही. मग विचार केला की गोळ्या डॉक्टरांनी दिल्या आहेत, ते बघतील. विचार केला की खरंच क्षय असेल तर? केबिनमध्ये जाऊन सांगितलं असतं तर सर दार लावून घेणार, लेप गुपचूप बदलणार, पाहुण्यांसमोर सगळं छान होणार आणि मी बाटल्या धूत राहणार, हाही विचार केला. खरा विचार तोच होता. मी परत फिरले. आठ दिवस.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी सभागृह भरलेलं होतं. मी शेवटच्या रांगेत, नझीरभाईंपासून दोन खुर्च्या सोडून बसले, कारण ते माझ्याशी बोलत नव्हते. सरांनी फोटो दाखवले. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले, आणि मी उभी राहिले.

"सर, रिकाम्या काचेचा फोटो दाखवाल?"

ते म्हणाले, "रिकामी काच तर जागृती बघा..." आणि थांबले.

"मी बघितली आहे," मी म्हटलं आणि पुढे गेले. पेनड्राइव्ह लावला. चारही फोटो पडद्यावर आले, यंत्राने टाकलेल्या तारखेसकट. बाटलीचा फोटो, हिरव्या शाईसकट. मग मी पिशवीतून निळ्या पट्टीचा चमचा काढला आणि सरांचं दूध, कॅप्सूल, सगळं सांगितलं. सावकाश. घाई अजिबात केली नाही. सर पडद्याकडे बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याच्या जवळ जाऊन फोटोंचे कोपरे वाचले. मग सभागृहाकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. जागृतीच्या हातांचा याच्याशी काही संबंध नव्हता. मी तिला सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतो." त्यांची मान खाली गेली. इतकं गोड मी आयुष्यात दुसरं काही चाखलेलं नाही. आजही त्या क्षणावर मी पाणी सोडणार नाही.

दुसऱ्या रांगेतले मुलांचे डॉक्टर तोवर उठून फोन लावत बाहेर गेले होते.

दुपारी सर बाटल्यांच्या खोलीत आले. "तूही चल," म्हणाले. "मुलीच्या आईला मीच सांगणार आहे. पण कळलं तुझ्यामुळे." मी जिंकलेल्या माणसासारखी निघाले. रुग्णालयाच्या बाकावर सानिका आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दोन वेण्या, कानात रिंगा, आणि मनगटं इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. आदल्या दिवशीच्या तपासणीत तिच्या यकृताला सूज निघाली होती. गोळ्या सकाळीच बंद केल्या होत्या, आणि डॉक्टर म्हणाले होते की उतरेल. उतरलीही, महिन्याभराने. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक नव्हतं. सर गुडघा दुखत असूनही तिच्यासमोर खाली वाकले आणि आईला म्हणाले, "बाई, चूक झाली. रक्त पुन्हा तपासलं, तिला तो आजार नव्हता. माझ्या हातून चूक झाली."

आईने ते समजायला वेळ घेतला. "मंग या गोल्या फुकट खाल्ल्या पोरीनं?"

"हो."

"आन् तुमाला कवा समजला?"

तिने विचारलं सरांना, पण बघत माझ्याकडे होती. मी तोंड उघडलं. सानिकाने डोळे उघडले आणि तीही माझ्याकडे बघायला लागली. फोटोंच्या कोपऱ्यातल्या तारखा सरांनी वाचल्या होत्या. मला कधीपासून माहीत होतं, हे त्यांना तारखेसकट माहीत होतं. त्या बाकासमोर त्यांनी तीन आठवड्यांचा तो आकडा उच्चारला असता तर आमचं सगळं फिटलं असतं.

"आज सकाळी," सर म्हणाले. "हिने दाखवलं, तसं लगेच."

सानिकाची आई उठली आणि तिने माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाही नाही, आणि पुढे इतकी वर्षं त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. हात वर धरून मला जे बोलले, ते मी एक वेळ विसरेन. पण त्या दुपारी ते माझ्यासाठी खोटं बोलले, ते मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही.